आधी डायची जोडी, मग ग्रेड : १८२७च्या अर्ध्या डॉलरच्या निमित्ताने

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या भावाने मला १८२७ सालचा चांदीचा अर्धा डॉलर भेट दिला. पाकिटावर विक्रेत्याने ओव्हर्टनचा एक क्रमांक, ‘आर-३’ आणि ‘एक्सएफ-४५’ असं पेन्सिलीने लिहिलं आहे. मागच्या बाजूला गरुडाच्या वरच्या रिबनवरची डावीकडची अक्षरं जवळजवळ दिसत नाहीत, पुढचे तारे मात्र ठसठशीत आहेत. अक्षरं पुसली गेली असताना एवढी वरची ग्रेड कशी? क्रमांक बरोबर आहे का, हे ठाण्यात घरी बसून तपासता येईल का? आणि ही नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करू?

उत्तर :

अक्षरं पुसली गेली असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही पाठवलेले फोटो पाहून मला वाटतं, नाणं पाडलं तेव्हाच ती नीट उठली नव्हती. तसं असेल तर विक्रेत्याची ग्रेड बरोबर असू शकते. ‘असू शकते’ एवढंच म्हणतो, कारण या नाण्यांच्या बाबतीत डायची जोडी, म्हणजे नाण्याच्या दोन बाजू उमटवणारे दोन साचे, ठरल्याशिवाय ग्रेडबद्दल, म्हणजे नाणं किती झिजलं आहे याच्या आकड्याबद्दल, बोलणं मला पटत नाही. पुष्कळ जण आधी ग्रेड ठरवतात आणि वेळ उरला तर क्रमांक शोधतात. आधुनिक नाण्यांना ते चालून जातं. १८३६पर्यंतच्या अमेरिकन चांदीला चालत नाही, आणि ते का, यातच तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

तुमचं नाणं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं. २ एप्रिल १७९२च्या कायद्याने ही टांकसाळ उभी राहिली आणि १७९४ साली तिथे चांदीचे पहिले डॉलर व अर्धे डॉलर पाडले गेले. तुमच्या नाण्यावरची टोपी घातलेली लिबर्टी जॉन राइश या बव्हेरियातून आलेल्या कोरक्याची. त्याने १८०७ मध्ये हे रूप आणलं आणि कडेवर अक्षरं असलेल्या नाण्यांवर ते १८३६पर्यंत टिकलं. संग्राहक या मालिकेला ‘बस्ट हाफ’ म्हणतात. त्या काळात टांकसाळीतून डॉलर बाहेर पडत नव्हते. पाडलेले डॉलर परदेशी व्यापारात निघून जात, म्हणून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने १८०६ मध्ये ते पाडणं थांबवलं होतं. अर्धा डॉलर हेच मग तिथे पाडलं जाणारं सगळ्यात मोठं चांदीचं नाणं ठरलं आणि बँका आपली गंगाजळी त्यात ठेवू लागल्या. भरलेल्या पिशव्या एका तिजोरीतून दुसरीत जात, त्यातली नाणी हातोहात फार फिरत नसत. दोनशे वर्षांपूर्वीची ही नाणी आजही चांगल्या स्थितीत आणि पगारदार माणसाला झेपतील अशा भावात मिळतात, ती यामुळे.

आता डायकडे येतो. लिबर्टीचा चेहरा आणि गरुड हे मधले भाग हबने, म्हणजे चित्र उठावात कोरलेल्या एका मूळ ठशाने, डायमध्ये दाबले जात, त्यामुळे ते सगळ्या डायवर जवळपास सारखे असतात. भोवतीचे तेरा तारे, सालाचे आकडे, देशाच्या नावातलं प्रत्येक अक्षर आणि खालचं ‘५० सी.’ हे मात्र कारागीर एकेक पंच हातोडीने ठोकून उमटवी. एखादा तारा किंचित डावीकडे सरके, एखादं अक्षर कले, पाचाशेजारचं शून्य जरा वर बसे. असे हाताने भरलेले दोन डाय तंतोतंत सारखे निघणं अशक्यच होतं. १८२७ मध्ये सुमारे ५५ लाख अर्धे डॉलर पाडले गेले. डाय झिजत, तडकत, नवे येत. पुढचा डाय धड राहिला आणि मागचा फुटला, की त्याच पुढच्याला नवा मागचा जोडत. अशा चाळीसहून जास्त जोड्या एकट्या १८२७च्या नोंदल्या गेल्या आहेत. १८०७ ते १८३६ ही सगळी मालिका धरली तर आकडा साडेचारशेच्या घरात जातो.

छापण्याची पद्धतही हातचीच. कडेवरची अक्षरं एका वेगळ्या यंत्रात आधी उमटवत, आणि मग ती चकती स्क्रू प्रेसमध्ये जाई. प्रेसचे दांडे माणसं फिरवत. नाण्याला चहूबाजूंनी घट्ट पकडणारं कडं नसल्यामुळे दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला मोकळा पसरत असे. फिलाडेल्फियात वाफेचा प्रेस १८३६ मध्ये आला आणि त्याच वर्षअखेरीस दातेरी कडेचे अर्धे डॉलर सुरू झाले. आपल्या मुंबईच्या टांकसाळीत वाफेची यंत्रं १८३०च्या आसपासच आली होती. तुमच्या संग्रहात १८३५चा कंपनीचा रुपया असेल तर तो या नाण्याशेजारी ठेवून बघा. रुपयाचा सफाईदार एकसारखेपणा आणि अर्ध्या डॉलरची हाताची ओढ दोन्ही लगेच नजरेत भरतात.

जोड्यांचे जे क्रमांक आज सगळे वापरतात ते ॲल ओव्हर्टन यांचे. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये निघालं, नंतरच्या आवृत्त्या डॉन पार्सली यांनी केल्या. प्रत्येक सालाची मोजणी १०१ पासून सुरू होते. पुढच्या डायला आकडा, मागच्या डायला अक्षर. क्रमांकाला शेवटी छोटा ‘ए’ लागला असेल तर जोडी तीच, पण डायची नंतरची अवस्था, म्हणजे तडा गेल्यावरची किंवा डाय घासून पुन्हा वापरल्यावरची. पाव डॉलर, डाइम, हाफ डाइम आणि डॉलर यांच्या क्रमांकपद्धती निराळ्या आहेत, त्यात तुम्ही सध्या पडू नका.

क्रमांक ठाण्यात बसून नक्की तपासता येतो. दहा पटीचं भिंग, एकच दिवा, टेबलावर मऊ कापड आणि सवड एवढं पुरतं. नाणं फक्त कडेने धरा. पहिल्यांदा सालातला २ बघा. त्याचा पाया सरळ आणि चौकोनी टोकाचा आहे की वळणदार? १८२७ मध्ये वळणदार पायाचा २ ओ-१४६ आणि ओ-१४७ (ओ म्हणजे ओव्हर्टन) या दोनच जोड्यांवर आढळतो, त्यामुळे तो दिसला तर निम्म्याहून जास्त काम झालं. मग ७ च्या आसपास आधीच्या ६ चे अवशेष शोधा. सहावर सात ठोकलेल्या जोड्या म्हणजे ओ-१०१, ओ-१०२ आणि ओ-१०३.

यांपैकी काहीच नसेल तर तुमचं नाणं उरलेल्या मोठ्या गर्दीतलं आहे. अशा वेळी मी मागच्या बाजूपासून सुरुवात करतो. रिबन गरुडाबरोबर हबमधून आलेली, तर तिच्या वरची देशाच्या नावाची अक्षरं हाताने ठोकलेली. म्हणून वरचं कुठलं अक्षर रिबनवरच्या कुठल्या अक्षराच्या डोक्यावर येतं, अगदी वर, थोडं डावीकडे की उजवीकडे, एवढ्या एका निरीक्षणाने बहुतेक जोड्या बाद होतात. पुढे ढालीतल्या उभ्या रेघा वरच्या आडव्या रेघांमध्ये किती घुसल्या आहेत ते पाहा. त्यानंतर ‘५० सी.’ बघा. पाच आणि शून्य एका पातळीवर आहेत का, त्यांच्यात अंतर किती, सीनंतरचा ठिपका कुठे आहे? मागचा डाय असा दोन-तीन शक्यतांवर आला की नाणं उलटायचं. पुढच्या बाजूला डावीकडे सात तारे आहेत, उजवीकडे सहा. पहिला आणि तेरावा तारा चेहऱ्यापासून व केसांपासून किती दूर आहेत, सालाचे आकडे एकमेकांत कसे बसले आहेत, ताऱ्यांची टोकं कडेच्या दात्यांकडे रोखली आहेत की मधल्या फटीकडे, हे पुस्तकातल्या फोटोशी ताडून बघा.

दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय क्रमांक लिहू नका. आणि केवळ तडा पाहून कधीच ठरवू नका. त्याच जोडीच्या सुरुवातीच्या नाण्यांवर तो तडा नसतो, आणि दुसऱ्या एखाद्या डायला नेमक्या त्याच जागी तडा जाऊ शकतो. खुणा जुळल्यावर मात्र तडा पक्कं शिक्कामोर्तब करतो. पुस्तक हाताशी नसेल तर पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीच्या कॉइनफॅक्ट्स या संकेतस्थळावर जोडीवार फोटो फुकट पाहता येतात, आणि अमेरिकेतल्या मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींचे फोटोही शोधता येतात. विक्रेत्याने लिहिलेला क्रमांक म्हणजे त्याचं मत समजा. चाळीसहून जास्त जोड्यांच्या सालात प्रामाणिक विक्रेताही शेजारचा क्रमांक लिहून बसतो.

कारागिराचा हात कसा दिसतो हे कळायला काही गाजलेल्या जोड्या माहीत हव्यात. माझं या छंदावरचं प्रेम खरं तर याच नाण्यांमुळे आहे. १८०७च्या ओ-११२ वर किमतीतला ५ आधीच्या २ वर ठोकला आहे. पाव डॉलरचा आकडा लिहायला घेतला आणि लक्षात येताच सुधारला, तो क्षण चांदीत तसाच राहून गेला. त्याच सालातल्या एका डायला हनुवटीपासून खाली तडा गेला आणि लिबर्टीला दाढी आल्यासारखी दिसू लागली. ते नाणं आज ‘बिअर्डेड गॉडेस’ म्हणून ओळखलं जातं. १८१३च्या ओ-१०१ वर ‘५० सी.’च्या खाली ‘युनायटेड’ची पहिली तीन अक्षरं उलटी दबलेली आहेत. डाय उलटा धरून भलत्याच टोकाला नाव ठोकायला सुरुवात झाली होती. १८१४च्या ओ-१०८ वर ‘स्टेट्स’ शब्दात ए वर ई ठोकला आहे. १८३६च्या ओ-११६ वर पन्नासातला ५ आधी शून्य म्हणून ठोकला गेला होता. आणि १८१७चा चारावर सात, ओ-१०२. त्याचा पुढचा डाय लवकर तडकला. आजवर जेमतेम डझनभर नाणी माहीत आहेत. या मालिकेत त्याहून जास्त शोधलं जाणारं नाणं नाही.

डायवरची चूक, तडा किंवा घासणं यांचा नाण्याच्या झिजेशी काही संबंध नाही. ती डायची गोष्ट आहे आणि त्या डायने पाडलेल्या सगळ्या नाण्यांवर असते. ग्रेड ही मात्र नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याच्या एकट्याच्या वाट्याला काय आलं, याची नोंद असते. तुमच्या नाण्यावर नेमकी याच ठिकाणी गल्लत होते आहे.

रिबनचं उदाहरण घेऊ. पुढच्या बाजूला लिबर्टीच्या खांद्यावरचा वस्त्राचा क्लास्प (आकडी) आणि मागची रिबनची डावी बाजू या दोन जागा नाण्याच्या आरपार एकमेकींसमोर येतात. दोन्हींकडे उठाव आहे. दाब कमी पडला की धातू दोन्ही खोलगट जागा भरू शकत नाही, आणि क्लास्प व अक्षरं दोन्ही अर्धवट राहतात. म्हणून रिबन फिकी दिसली की मी लगेच नाणं उलटून क्लास्प बघतो. तोही फिका, पण गाल, कानावरचे केस आणि पंखांची टोकं मात्र तीक्ष्ण, असं असेल तर दोष ठोक्याचा. तुमच्या फोटोत असंच दिसतं आहे. झीज आपली जागा निवडत नाही. जे उंच ते आधी घासलं जातं : गाल, कानावरचे केस, टोपीच्या घड्या, मागे पंखांची टोकं आणि नख्या. हे सगळं शाबूत आणि त्यांच्याहून सखल असा एक पट्टाच गुळगुळीत, असं वापराने होत नाही.

दुसरी खात्री पोताने करायची. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा. ठोका कमी पडलेल्या जागेवर चकतीचा मूळ खरखरीतपणा आणि आसपासची चमक तशीच राहते. झिजलेल्या जागी चमक तुटते, रंग राखाडी आणि मेलेला दिसतो. हा फरक फोटोत पकडणं कठीण, हातात पाच सेकंदांत कळतो. म्हणूनच फोटोवरून तुमच्या नाण्याची ग्रेड मी सांगणार नाही.

या नियमाचा सगळ्यात मोठा दाखला १७९४चा डॉलर. एकाच जोडीने पाडलेले १,७५८ डॉलर १५ ऑक्टोबर १७९४ रोजी टांकसाळीने सुपूर्द केले. प्रेस एवढ्या मोठ्या नाण्याला अपुरा होता आणि डाय एकमेकांना समांतर बसले नव्हते, त्यामुळे बहुतेक सगळ्या नाण्यांवर डावीकडचे तारे फिके आहेत. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस उत्तम नाण्यालाही झिजलेलं म्हणेल. या जोडीचं सर्वोत्तम मानलेलं नाणं जानेवारी २०१३ मध्ये लिलावात १ कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं.

डाय म्हातारा झाला की आणखी एक फसवणूक होते. मोकळ्या कडेमुळे धातू बाहेर पसरत राहतो आणि तो प्रवाह डायमध्ये चर पाडतो. मग तारे आणि अक्षरं कडेच्या दिशेला ओढल्यासारखी, पसरट दिसतात. नवखा माणूस त्याला झीज समजतो, आणि खरं तर असं नाणं कधीकधी पूर्ण चमकीचं, न वापरलेलं असतं. डाय एकमेकांवर आपटले तर समोरच्या चित्राची सावली डायमध्ये उमटते. ती काढायला टांकसाळीत डाय घासत. घासला की उथळ रेघा जातात. १८१४चा ‘सिंगल लीफ’, म्हणजे ओ-१०५ची ‘ए’ अवस्था, असाच तयार झाला : डहाळीच्या जोडपानांतलं एक पान घासण्यात गेलं. ते पान नाही म्हणून कोणी ग्रेड खाली आणत नाही, कारण ते त्या अवस्थेच्या कुठल्याच नाण्यावर नाही. तुमच्या रिबनलाही हाच न्याय लावा. त्याच जोडीची, त्याच अवस्थेची वेगवेगळ्या ग्रेडची निदान पाच-सहा नाणी फोटोत बघा. सगळ्यांची रिबन डावीकडे फिकी असेल तर प्रश्नच मिटला. इतरांची ठळक असून फक्त तुमचीच फिकी असेल, तर तुमच्या नाण्याला ठोका कमी बसला. ती झीज ठरत नाही, पण किमतीत थोडी घट धरावी.

ग्रेडची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. विल्यम शेल्डन या संग्राहक-अभ्यासकाने ती १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, आज सगळ्याच अमेरिकन नाण्यांना लावतात. व्हीएफ (व्हेरी फाइन) म्हणजे २० ते ३५, एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) ४० आणि ४५, एयू (जवळजवळ न वापरलेलं) ५० ते ५८, न वापरलेलं ६० पासून वर. बस्ट हाफच्या एक्सएफ-४५ ला माझी अपेक्षा अशी : झीज फक्त सगळ्यात उंच जागांवर, केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसणाऱ्या, आणि ताऱ्यांच्या व अक्षरांच्या आडोशाला मूळ चमकीचे अंश. चमक अजिबात नसेल तर मी ४० वर थांबतो.

आकड्यापेक्षा मला पृष्ठभाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि यात मी हट्टी आहे. न छेडलेल्या बस्ट हाफला करडा, थोडा मळकट रंग येतो, आणि कडेकडेने कधी निळी-जांभळी झाक. तो रंग म्हणजे नाण्याचा दाखला आहे. बाजारातल्या किती तरी बस्ट हाफवर कधी ना कधी हात फिरलेला आहे. घासलेल्या नाण्यावर एका दिव्याखाली बारीक समांतर ओरखडे दिसतात, आणि आम्लात बुडवलेलं नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं. ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्यांना आकडा न देता ‘डिटेल्स’ म्हणून परत करतात. न छेडलेलं व्हीएफ-३५ आणि घासून उजळलेलं एयू शेजारी ठेवलं तर मी डोळे झाकून पहिलं घेईन. म्हणून कळकळीने सांगतो : देवघरातली चांदी जशी दंतमंजनाने किंवा रांगोळीने चकाकवतो, तसं या नाण्याला करू नका. चिंच नको, लिंबू नको, सोनाराकडचं पॉलिश तर अजिबात नको. दोन मिनिटांत गेलेला तो रंग कोणीही परत आणू शकत नाही. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा लागला असेल तरच शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढावा.

नाणं खरं आहे ना, हेही बघून घ्या. वजन १३.४८ ग्रॅमच्या जवळ हवं, झिजेमुळे थोडं कमी चालेल. व्यास साधारण ३२.५ मिलिमीटर. कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ असा मजकूर हवा. तो दोन पट्ट्यांनी दोन भागांत उमटवला जाई, म्हणून एखादं अक्षर दुसऱ्यावर चढलेलं असेल तर घाबरू नका. त्या काळातही बनावट बस्ट हाफ निघत, बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरचे. त्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत. आजकाल चीनमधून येणाऱ्या नकला मात्र काही कामाच्या नाहीत. इथेही डायची ओळख उपयोगी पडते : नोंदलेल्या कुठल्याच जोडीशी नाणं जुळत नसेल तर नव्या शोधाचा आनंद करण्याआधी नाणं खोटं असण्याची शक्यता तपासा.

पाकिटावरच्या ‘आर-३’चा अर्थ असा की त्या जोडीची २०१ ते ५०० नाणी शिल्लक असावीत असा जाणकारांचा अंदाज आहे. आर-१ म्हणजे १,२५० हून जास्त, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे एक ते तीन. हे अंदाजच आहेत, नवी नाणी सापडली की आकडा खाली येतो. आर-३ पर्यंत जोडीसाठी जास्त पैसे देऊ नका. आर-४ ला थोडे, आणि आर-५ पासून पुढे खरा फरक पडतो. पण दुर्मीळपणा आणि किंमत हातात हात घालून चालतातच असं नाही. १८१५ची एकच जोडी आहे, तिची नाणी लोक समजतात त्यापेक्षा जास्त मिळतात, तरी ती महाग आहे. त्या सालाची फक्त ४७,१५० नाणी नोंदलेली आहेत आणि सालवार संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला एक हवं असतं. उलट १८२७च्या एखाद्या आर-५ जोडीला विचारणारे थोडेच असतात, आणि नुसतं ‘१८२७’ असं लिहिलेल्या पाकिटात ती साध्या भावाला मिळून जाते. ज्याने खुणा पाठ केल्या त्याचा तो हक्काचा लाभ आहे, त्यात संकोच नको.

सुरुवात तुमच्याच सालापासून करा असं मी सुचवेन. १८२७ची नाणी मुबलक आहेत, जोड्या भरपूर आहेत, दोन-तीन ठळक उपप्रकार आहेत आणि अभ्यासाला फोटो पुष्कळ मिळतात. काही जण आधी प्रत्येक सालाचं एक नाणं जमवतात. त्यात वाईट काही नाही, पण एका सालाच्या दहा जोड्या शेजारी ठेवून बघितल्यावर नजर जी तयार होते ती तीस वेगवेगळ्या सालांनी होत नाही. आधी पुस्तक घ्या, नाणं नंतर. व्हीएफ ते एक्सएफ या पट्ट्यात राहा. तिथे डायच्या खुणा स्पष्ट दिसतात आणि भाव अंगावर येत नाहीत. १७९४-९५चे मोकळ्या केसांचे अर्धे डॉलर आणि १७९६-९७चे तर तूर्त फोटोतच बघा. १७९६ आणि १७९७ मिळून चार हजारांहूनही कमी पाडले गेले होते. पुढे मन रमलं तर जॉन राइश कलेक्टर्स सोसायटी आहे. ती याच काळातल्या चांदीवर अभ्यास छापते. ‘बस्ट हाफ नट क्लब’ नावाची मंडळी त्याहून जुनी, तिथे प्रवेशाला शंभर जोड्या जमवाव्या लागतात.

एक कायद्याची बाब, जी तुमच्या भावालाही सांगा. आपल्या १९७२च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. नाणं परदेशी आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं समजू नका. त्यामुळे हे नाणं आता परत अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा, आणि खरेदीची पावती व ते भारतात आणल्याचे कागद जपून ठेवा. यापुढे भाऊ जी नाणी घेईल त्यांचं ग्रेडिंग तिकडेच करून घेतलेलं बरं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही ग्रेडिंग कंपन्या जादा शुल्क घेऊन ओव्हर्टन क्रमांक लेबलवर छापतात. पण त्यांच्या लेबलवरचा क्रमांकसुद्धा स्वतः पडताळून पाहा.

ठाण्याच्या पावसाळ्यात नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. कडक, पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये घाला, डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला. लाकडी कपाट आणि जुना पुठ्ठा दोन्ही टाळा, त्यांच्या वाफांनी चांदी काळवंडते.

आता मला चार फोटो पाठवा : दोन्ही बाजू समोरून, दिवा साधारण दहाच्या काट्याच्या दिशेला ठेवून, ‘५० सी.’ आणि ढाल भिंगातून, आणि खांद्यावरचा क्लास्प तिरक्या उजेडात. सालातला २ आणि ढालीच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर जोडीचा क्रमांक नक्की सांगता येईल. मग त्याच जोडीची इतर नाणी समोर ठेवून रिबन आणि ग्रेडबद्दल बोलू.